पाठीवर टोपली घेतलेला मेजर



हरभरा घाट्यावर आला आहे, गव्हाच्या ओंब्या भरू लागल्या आहेत आणि पहाटे थंडी अशी की पाणी धरणाऱ्याची बोटे खोऱ्याच्या दांड्यावरून सुटत नाहीत. परवा एका मळ्यावर मुक्कामाला होतो. रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी चालले होते. पहाटे शेकोटीपाशी दहा-बारा पोरे येऊन टेकली. सैन्याच्या भरतीसाठी रोज डांबरी रस्त्याने धावणारी ही पोरे. अंगाची वाफ निघत होती. बोलणे निघाले शौर्यपदकांचे. त्यांत एक मेंढपाळाचे पोर होते, अबोल. बाकीचे त्याला चिडवू लागले, "तुला रे कसलं पदक? तुला नुसत्या पायवाटा ठाऊक!"

मी म्हटले, थांबा. पायवाटा ठाऊक होत्या म्हणून पदक मिळालेल्या एका मेजराची गोष्ट मला माहीत आहे. त्या दिवशी ती अर्धीच सांगून झाली, कारण बारे भरले आणि दंड फोडायला उठावे लागले. आज ती पुरी सांगतो. खताच्या मात्रा पुढच्या खेपेला.

या मेजराचे नाव रालेंगनाओ खाथिंग. सैन्यातले सोबती त्यांना बॉब म्हणत आणि पुढे सगळीकडे तेच नाव रूढ झाले. जन्म १९१२ सालचा, मणिपूरच्या डोंगराळ उखरुल भागातला. जमात तांगखुल नागा. हे लोक डोंगराच्या उतारावर पायऱ्या खोदून भात लावतात, बांधाबांधाने पाणी खाली उतरवतात. वरच्या रानात जंगल तोडून-जाळून फिरती शेतीही करतात. ओझे वाहायचे ते पाठीवर वेताची टोपली घेऊन, टोपलीचा पट्टा कपाळावर. आपल्याकडे डोक्यावर पाटी, तिकडे कपाळावर पट्टा. ही टोपली ध्यानात ठेवा, ती पुढे येणार आहे.

पोर हुशार निघाले. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजपर्यंत जाऊन शिकले आणि मणिपूरच्या डोंगरी जमातींतला पहिला पदवीधर म्हणून नाव झाले. त्यांनी शाळामास्तरकी केली, उखरुलच्या शाळेत मुख्याध्यापकही होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाले, पायदळात. आधी १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये, जिला पुढे कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले, आणि नंतर आसाम रेजिमेंटमध्ये.

१९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला. इंग्रजांचे सैन्य डोंगर ओलांडून मागे आले आणि युद्ध थेट नागांच्या अंगणात येऊन उभे राहिले. मधला मुलूख कसा, तर डोंगरामागे डोंगर, घनदाट झाडी, पावसाळ्यात चिखल आणि जळवा. असल्या मुलखात शत्रू कुठे आहे, किती आहे, कुठल्या वाटेने येतो आहे हे विमानातून दिसत नाही. ते दिसते कोणाला? रानात भाताची राखण करणाऱ्याला, लाकूडफाटा आणायला गेलेल्या बाईला, सापळे लावणाऱ्या शिकाऱ्याला. हे ओळखून इंग्रजांनी सरहद्दीवर एक गुप्त दल उभे केले. नाव फक्त एका अक्षराचे, 'व्ही फोर्स'. आसाम रायफल्सचे थोडे शिपाई, बोटांवर मोजण्याइतके अधिकारी आणि बाकी सारे त्या त्या डोंगरातले गावकरी. एका भागात तर उर्सुला ग्रॅहम बोवर नावाची इंग्रज बाई नागांच्या टेहळणीची व्यवस्था पाहत होती. ती आली होती त्यांच्या चालीरीतींचा अभ्यास करायला.

खाथिंग या कामावर आले. इतर अधिकारी परक्या मुलखात आले होते, हे आपल्या घरी आले होते. त्यांनी पहिले काय केले असेल तर गणवेश उतरवून ठेवला. डोके दोन्ही बाजूंनी भादरून मधोमध केसांचा तुरा ठेवला, जशी त्यांच्या वाडवडिलांची रीत होती. अंगावर नागा शाल घेतली आणि पाठीवर ती टोपली. टोपलीत वाळवलेले मांस, मीठ आणि तांदूळ. पदवीधर मुख्याध्यापक, राजाच्या सनदेचा अधिकारी, आणि वाटेत कोणी पाहिले तर बाजाराला निघालेला कोणी गडी वाटावा!

मंडळी, गणवेश हे सैनिकाचे चिलखतही असते. गणवेशात पकडला गेला तर तो युद्धकैदी. शाल पांघरून सापडला तर हेर, आणि हेराला त्या युद्धात मरणच होते. ही गोष्ट त्यांना माहीत होती, आणि त्यांना बातमी देणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यालाही माहीत होती. अधिकारी निदान दुसऱ्या डोंगरावर जाऊ शकतो. गावाला कुठे जाता येते? त्याची भाताची खाचरे तिथेच, घर तिथेच, म्हातारी माणसे तिथेच.

इथे थोडे माझ्या धंद्यातले सांगतो. विस्ताराचे काम करताना माझी तीस वर्षे जायला आली. गावात नव्याने गेलो आणि विचारले, ज्वारी किती झाली, तर उत्तर येते, "झाली की चांगली." पाण्याला किती दिवस लागतात? "लागतात बरेच." माणूस खोटे बोलत नाही, पण समोरच्याला का सांगायचे आणि किती सांगायचे हे त्याचे ठरलेले नसते. दोन-तीन हंगाम त्याच्या बांधावर बसल्यावर, त्याच्या घरच्या दुखण्याखुपण्याला गेल्यावर मग पोती कळतात, कर्जही कळते. टेहळणीचे काम याहून वेगळे नसावे असे मला वाटते. "पुष्कळ जपानी आले" या बातमीचा सेनापतीला काही उपयोग नाही. पुष्कळ म्हणजे चाळीस की चारशे? खेचरे होती का? तोफा सुट्या करून वाहत होते का? ओढ्याच्या वरच्या अंगाने गेले की खालच्या? हे त्याच माणसाकडून काढायचे, तेही त्याला न दुखवता, आणि मग डोंगर ओलांडून बिनतारी यंत्रापर्यंत पोचवायचे. त्याला तांगखुल बोली येणारा, आजोबाचे नाव सांगता येणारा माणूस लागतो.

मार्च १९४४ मध्ये जपान्यांच्या तीन डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमावर चालून आल्या. सेनापती मुतागुची यांचा हिशेब तीन आठवड्यांचा होता. तीन आठवड्यांचे धान्य बरोबर घ्यायचे, तेवढ्यात इंफाळची कोठारे हाती लागतील! त्यांनी आणखी एक शक्कल काढली होती, ती तुम्हाला ऐकवल्यावाचून राहवत नाही. ब्रह्मदेशातल्या शेतकऱ्यांचे हजारो बैल ओढून आणले. बैलांनी पाठीवर सामान वाहायचे आणि सामान संपले की त्यांनाच खायचे. कागदावर किती सोपे! पण बैल गाडीला जुंपायचा प्राणी. पाठीवर ओझे लादून त्याला उभ्या चढणीच्या पायवाटेने हाकलले तर तो बसतो. रवंथ करायला वेळ नाही, चारा ओळखीचा नाही. बरेच नदीतच गेले, बरेच दरीत कोसळले, बाकीचे वाटेत मेले. आपल्या गावातल्या कुठल्याही बैलवाल्याला विचारले असते तर त्याने सेनापतीला तंबाखू मळता मळता हे सांगितले असते.

धान्य संपल्यावर जपानी गावांत शिरले. भात, डुकरे, कोंबड्या, मिळेल ते उचलले. लोकांनी जमेल तेवढे धान्य जंगलात लपवले, स्वतः जंगलात राहिले. आणि त्यांच्यातलेच लोक रात्रीच्या अंधारात बातम्या पोचवत राहिले. इंग्रज सेनापती स्लिम यांनी युद्धानंतर लिहिलेल्या पुस्तकात नागांच्या या मदतीचे मोकळ्या मनाने कौतुक केले आहे.

याच धुमाळीत आपल्याकडच्या माणसांचा एक धागा आहे. उखरुलजवळ सांगशाक नावाचे तांगखुलांचे गाव आहे, डोंगराच्या माथ्यावर. २२ ते २६ मार्च १९४४ असे पाच दिवस तिथे मोठी लढाई झाली. छत्रीधारी सैनिकांच्या ब्रिगेडबरोबर तिथे मराठा लाईट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांची मुले अशा पलटणीत असत. माथ्यावर पाण्याचा झरा नाही. खाली खडक, म्हणून खंदक खोल जाईनात. विमानातून टाकलेले पाणी-दारूगोळा बहुतेक शत्रूच्या हाती पडला. शेवटी २६ तारखेच्या रात्री जागा सोडावी लागली, पण त्या पाच दिवसांत कोहिमा आणि इंफाळ इथे कुमक गोळा करायला उसंत मिळाली. कोणाच्या घरी जुन्या ट्रंकेत बर्मा स्टार असेल तर आजोबा कदाचित त्या माथ्यावर तहानलेले बसले असतील. विचारून पाहा, सांगणारे कोणी उरले असेल तर.

वाचणारे विचारतील, आणि विचारायलाच हवे, की नेताजींची आझाद हिंद फौज तर जपान्यांबरोबर होती. होय, होती. १४ एप्रिल १९४४ ला मणिपुरातच मोइरांग येथे त्यांनी तिरंगा फडकवला. देशासाठी घर सोडलेली माणसे दोन्ही बाजूंना होती. नागांमध्येही सगळे एका बाजूला नव्हते. खाथिंग यांच्या मनात इंग्रज बादशहा किती होता हे कोण सांगणार? पण ज्या गावातले भात लुटले जात होते ते गाव त्यांचे स्वतःचे होते, एवढे खरे. माझ्यापुरते सांगायचे तर मला यात कोणाचे पारडे खाली-वर करावेसे वाटत नाही.

२२ जून १९४४ ला इंफाळ-कोहिमा रस्ता मोकळा झाला. जपानी सेनेतली माणसे गोळीपेक्षा भुकेने आणि रोगाने अधिक मेली. खाथिंग यांना मिलिटरी क्रॉस मिळाला, जो शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी अधिकाऱ्यांना देत, आणि एम.बी.ई. हा किताबही.

युद्ध संपल्यावर ते मणिपूरच्या राज्यकारभारात शिरले, १९४८ च्या निवडणुकीनंतर तिथे मंत्रीही झाले. ऑक्टोबर १९४९ मध्ये मणिपूर भारतात विलीन झाले आणि ते मंत्रिमंडळ संपले. मग ते आसाम रायफल्सबरोबर सादियाच्या बाजूला होते. तिथे १५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळी ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगर खाली आले, नद्या अडल्या आणि मग ते बांध फुटून खालची शेते, गुरे, गावे वाहून गेली. त्या मदतकार्यातही ते होते. पण ज्यासाठी त्यांचे नाव आज घेतले जाते ते काम यानंतरचे.

तवांग हे नाव बातम्यांत ऐकले असेल. आताच्या अरुणाचल प्रदेशाच्या वायव्य कोपऱ्यात, भूतान आणि तिबेटच्या मध्ये. १९१४ साली सिमल्याला जी सरहद्द ठरली, मॅकमहोन रेषा म्हणतात ती, तिच्या अलीकडे तवांग येते. पण नकाशा कागदावर राहिला. प्रत्यक्षात तिबेटच्या त्सोना जोंगचे अधिकारी येऊन तिथल्या मोनपा शेतकऱ्यांकडून कर घेत. कर धान्याचा. वर अधिकाऱ्यांचे सामान या गावाहून त्या गावाला फुकट वाहून न्यायची वेठ. पेरणी असो, कापणी असो, बोलावणे आले की जायचे. वेठ म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या खेड्याला समजावून सांगायला नको.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटात शिरले. आता उशीर केला तर कागदावरची रेषा कागदावरच राहणार, हे आसामच्या राज्यपालांनी, जयरामदास दौलतराम यांनी, ओळखले. त्यांनी खाथिंग यांना बोलावून तवांगला जायला सांगितले. वर्तमानपत्रात बातमी नाही, सभा नाही, हारतुरे नाहीत. गाजावाजा झाला असता तर काम बिघडले असते.

१७ जानेवारी १९५१ ला लोकरा येथून ते निघाले. कॅप्टन लिंबू यांच्या हाताखाली आसाम रायफल्सचे दोनशे जवान, आणि ओझी वाहायला सहाशे हमाल. एका शिपायामागे तीन हमाल हे ऐकून पोरे हसली होती. मी त्यांना हिशेब करायला लावला. माणूस चढणीवर पंचवीस किलो वाहील. तो रोज पाऊण किलो धान्य खातो. वीस दिवसांच्या वाटेत पंधरा किलो त्याने स्वतःच खाल्ले, उरले दहा. आता सांगा, दोनशे माणसांचे धान्य, तंबू, पांघरुणे, दारूगोळा न्यायला किती पाठी लागतील? मग हसू थांबले. आपण इतिहासात चालून जाणाऱ्याचे नाव वाचतो. त्याच्यामागच्या सहाशे पाठींची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

२६ जानेवारीला ते दिरांगला पोचले. देशाला प्रजासत्ताक होऊन बरोबर एक वर्ष झाले होते. तिथे झेंडा लावला, गावकऱ्यांना जेवण घातले. पुढे सेलाची खिंड, उंची तेरा हजार सातशे फूट. आपले कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे त्याच्या अडीचपट. माघाचे बर्फ. खिंड उतरून जांग गावाला आल्यावर त्यांनी लगेच पुढे मुसंडी मारली नाही. आजूबाजूच्या गावांत माणसे पाठवली, लोकांच्या मनात काय आहे ते ऐकून घेतले. व्ही फोर्समधली जुनी सवय ही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तवांग आले. तीनशे वर्षांची जुनी मोठी गुंफा तिथे आहे, तिच्याजवळ उंचवट्याची जागा त्यांनी ठाण्यासाठी पाहिली.

तिबेटी अधिकारी भेटीला येईनात. हा अधिकार कोणाचा, अशी त्यांची भूमिका. तेव्हा खाथिंग यांनी दोनशे जवानांना बंदुकीवर संगिनी चढवायला सांगितल्या आणि तवांगमधून कवायतीने फिरवले. झाडली एकही गोळी नाही. दुसऱ्या दिवसापासून माणसे बोलायला येऊ लागली.

नंतर गावोगावच्या वडीलधाऱ्यांना त्यांनी एकत्र बसवले. इथून पुढे त्सोनाच्या अधिकाऱ्यांना कर द्यायचा नाही, असे स्पष्ट सांगितले. आणि कारभारासाठी लोकांतूनच गावबुढे निवडायला लावले. गावबुढा म्हणजे गावचा म्होरक्या, तंटे मिटवणारा. ल्हासाने दिल्लीकडे तक्रार केली, पण भारत सरकार मागे हटले नाही. आता तुम्हीच पाहा, दोनशे बंदुका तर तीन दिवसांत परत नेता आल्या असत्या. पण ज्या घरातून दरवर्षी धान्याची पोती उचलली जात होती, त्या घरात पोते राहिले. पुढच्या सुगीला मोनपा बाईने कणगीत हात घातला तेव्हा तिला या मेजराचे नाव ठाऊक असो वा नसो, फरक कळला असेल. मला विचाराल तर संगिनीपेक्षा हा हुकूम मोठा.

१९६२ च्या ऑक्टोबरात चिनी सैन्याने तवांग घेतले आणि युद्धविराम झाल्यावर ते मागे गेले. तवांग भारतात आहे. तिथले ते पहिले ठाणे कोणी, कसे बसवले याची गोष्ट मात्र फार वर्षे फायलींत आणि जुन्या अधिकाऱ्यांच्या बोलण्यातच राहिली. शाळेतल्या पुस्तकात मी ती कधी वाचली नाही, माझ्या मुलांनीही नाही. गुप्तपणे केलेल्या कामाचे हे असेच असते. फसले तर दोष लागतो, साधले तर बोलायचे नसते.

खाथिंग यांनी पुढे नागा टेकड्यांत मोकोकचुंगला कारभार पाहिला, १९५७ साली त्यांना पद्मश्री मिळाली, नागालँडचे मुख्य सचिव झाले. १९७२ ते १९७५ या काळात ते ब्रह्मदेशात भारताचे राजदूत होते. आदिवासी समाजातून राजदूत झालेले ते पहिले. एके काळी ज्या सरहद्दीच्या जंगलात टोपली पाठीवर घेऊन लपतछपत फिरले, तिच्या पलीकडच्या राजधानीत आता गाडीवर झेंडा लावून! जानेवारी १९९० मध्ये ते वारले.

३१ ऑक्टोबर २०२४ ला तवांगमध्ये त्यांच्या नावाचे शौर्य संग्रहालय सुरू झाले. कोणी ईशान्येकडे फिरायला गेलात तर सेला ओलांडताना गाडीच्या काचेतून खाली बघा. आता तिथे बोगदा झाला आहे, पण जुन्या खिंडीची वाट दिसते. गावबुढे आजही समारंभाला लाल कोट घालून येतात.

मळ्यावरच्या त्या मेंढपाळाच्या पोराची धावण्याची वेळ अजून पंधरा सेकंदांनी जास्त भरते. परवा पुन्हा गेलो तेव्हा धावून आल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि टोपलीतले मीठ पावसात भिजत कसे नसेल, एवढेच त्याने विचारले. मला सांगता आले नाही.

घाटेअळीबद्दल ज्यांची पत्रे आली आहेत त्यांनी फवारणीची घाई करू नये. आधी शेतात पक्षी बसायला काठ्या रोवा, कामगंध सापळे लावा, आणि ओळीच्या एक मीटर अंतरात अळ्या किती सापडतात ते मोजून कळवा. बाकी पुढच्या अंकात.